नाही म्हणून दमलेला माणूस

दारात आलेल्या माणसाला वाटेला लावणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही. साताऱ्यात निदान "मालक घरी नाहीत" म्हणायची सोय होती. इथे डॅलसच्या उपनगरात मालक मीच, घराचे हप्ते भरणाराही मीच. आणि दारात दोन पोरं उभी. वय एकोणीस-वीस, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. जुलै महिना, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, शर्ट पाठीला चिकटलेला. तरी चेहरे प्रसन्न.

दारोदार फिरून आपल्या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करणारी ही पोरं. आपण यांना मॉर्मन म्हणतो. ते टोपणनाव नको, असं त्यांच्या चर्चनं २०१८ मध्ये बजावलं. पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. एवढं सगळं म्हणून होईपर्यंत निम्मी दारं बंद होत असणार.

पहिल्यांदा मी ठणकावून सांगितलं, "आम्ही हिंदू आहोत." तर म्हणाले, "अरे वा, मग सांगा ना तुमच्या धर्माबद्दल!" झाली पंचाईत. अथर्वशीर्ष पाठ आहे, पण अर्थ विचारला तर? पुढच्या खेपेला "कामात आहे" म्हणून पाहिलं, तर "गवत कापून देऊ का?" तेही फुकट! टेक्सासच्या उन्हात फुकट गवत कापणाऱ्याला नाही म्हणण्याइतका मी धर्मनिष्ठ नाही. बायकोनं तर गॅरेजमधून मशीन बाहेर काढलंसुद्धा.

त्यातच आई आली, सहा महिन्यांसाठी. "अरे, उन्हात उभं काय करतोस लेकरांना? आत घे." आणि चहा टाकायला निघाली. चहा चालत नाही. कॉफी? तीही नाही, १८३३ पासूनचा नियम. चहाला नाही म्हणणारा पाहुणा आईनं जन्मात पाहिला नव्हता. मधुमेहवालेसुद्धा निदान "बिनसाखरेचा द्या" म्हणतात. शेवटी कोकम सरबत निघालं. धाकट्यानं ग्लास उजेडाला धरला, जिरं तरंगताना पाहिलं, जिभेचं टोक बुडवलं आणि मग एका दमात रिकामा केला. आईनं न विचारता पुन्हा भरला. तिथून पुढे त्या घरात माझं मत कुणी विचारलं नाही.

मग उलटतपासणी. दुभाषा मी. पगार किती? पगार नाही, उलट घरचेच महिन्याला पैसे भरतात, दोन वर्षं. कुठे जायचं ते सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून कळतं. जोडीदार वरून नेमून मिळतो आणि त्याला सोडून एकट्यानं कुठे जायचं नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, पोरींचा विषय बंद. घरी फोन आठवड्यातून एकदा. तोही २०१९ पासून, आधी फक्त नाताळ आणि मदर्स डेला.

"म्हणजे आमच्या वेळच्या सुनेसारखंच की," आई म्हणाली. एवढं मी भाषांतर केलं नाही.

मला वेगळंच कुतूहल होतं. मंडळाच्या गणपतीची वर्गणी आमच्या भागात मी गोळा करतो. दोन-तीन घरी "बघू" ऐकलं की पुढची बेल मी वाजवतच नाही. गाडीत बसून परस्पर ठरवून टाकतो की हे काही देणार नाहीत. या पोरांना रोज सकाळ-संध्याकाळ "बघू" ऐकावं लागतं. विचारलं, जमतं कसं?

मोठा सरसावला. १८३० चा जून. त्यांच्या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल, पिशवीत त्यांच्या धर्मग्रंथाच्या, 'बुक ऑफ मॉर्मन'च्या प्रती घेऊन प्रचाराला पायी निघाला. कुणी घेईना. रात्री सरायवाल्यानं खोटारडा ठरवून हाकललं, सफरचंदाच्या झाडाखाली झोपला. फेरी वाया गेली असंच त्याला वाटलं. पण त्यानं दिलेलं एक पुस्तक हातोहाती ब्रिगम यंगच्या घरी पोचलं, आणि हाच यंग पुढे पंथाचा पुढारी म्हणून १८४७ मध्ये पहिल्या तुकडीला घेऊन युटात गेला.

गोष्ट चांगली होती. मला त्यात सरायवाल्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटली, ते सोडा.

धाकटा मात्र सरबतातून डोकं वर काढून म्हणाला, "मला सॅम्युएल फारसा उपयोगी पडत नाही. आम्ही पैज लावतो. पुढच्या घरी कुत्रा असेल की नसेल. हरेल त्यानं रात्री भांडी घासायची." मोठ्यानं डोळे वटारले. पैशांची पैज नाही, त्यामुळे हा जुगार नव्हे, असा खुलासाही लगेच झाला.

दर सहा आठवड्यांनी त्यांच्या बदल्या निघतात. त्यात धाकटा गेला. त्याच्या जागी आलेल्यानं मला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, आणि मीही पहिल्यापासून नाही म्हणालो. सरबताचं त्याला आधीच ठाऊक होतं.

गेल्या शनिवारी वर्गणीला मी आमच्या खजिनदारांना सोबत घेतलं. पुढच्या घरी "पुढच्या वर्षी नक्की" की "ऑनलाइन भरतो", यावर पैज. कधी नव्हे ती अख्खी गल्ली पालथी घातली. जमलं बेताचंच. खजिनदारांच्या घरी त्या रात्री पाहुणे होते, आणि भांडी मी घासली.