झिणझिण्या

मृग जवळ आला की आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत बोलणं पाण्यावर येतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल. घरातल्या विजेची धोक्याची पातळी मात्र मला पन्नाशी उलटल्यावर कळली.

दिवाळीपासून आई म्हणत होती, "न्हाणीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात रं." मी पडलो शिकलेला. तिला लॅबमध्ये नेलं. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं (ह्या वयात कुणाचं जास्त निघतं?) आणि गोळ्या सुरू झाल्या. बिचारीनं मुकाट्यानं खाल्ल्या. झिणझिण्या काही थांबेनात, तेव्हा मी दुसरा डॉक्टर गाठला.

परवा पंख्याचा कंडेन्सर बदलायला वायरमन पोरगा आला. बोर्डावरच्या गळती पकडणाऱ्या खटक्याकडे बघून म्हणाला, "काका, ईएलसीबीचं बटण कधी दाबलं हुतं?"

"दाबायला कशाला लागतंय? बारा वर्षांत एकदा पडला नाही!" मी छाती काढून.

त्यानं 'टी' लिहिलेलं बटण दाबलं. ढिम्म. झाकण उघडलं. "डायरेक्ट केलंय की ओ! पडंल कसा?"

मग आठवलं. एका पावसाळ्यात तो सारखा पडायचा, म्हणून आधीच्या वायरमननं त्याच्या वायरी सोडवून एकमेकींना जोडल्या होत्या. पाच मिनिटांत काम फत्ते केलं म्हणून मीच त्याला वर चहा पाजला होता.

पोरगं समजावत होतं. गेला तेवढा करंट परत आला का, एवढंच हे यंत्र बघतं, मुनीमासारखं. वाटेत 30 मिलिअँपिअर गळाले की खटका पाडतं. महिन्यातून एकदा बटण दाबून मुनीम जागा आहे ना, बघायचं.

"अर्थिंग कुठाय?"

अंगणात होतं. मीठ-कोळशाचा चांगला खड्डा होता. फरशी घालताना आम्ही तो बुजवला आणि वर तुळशीवृंदावन बांधलं. बायको रोज तुळशीला तांब्याभर पाणी घालते, म्हणजे खड्डा ओला राहिला म्हणायचा. पण वायर फरशीवाल्याच्या कुदळीनं कधीच तुटली होती.

वृंदावन हललं, वायर जोडली, नवा ईएलसीबी बसला. पोरानं गिझरचं बटण दाबलं. खट्! घर गुडूप. पुन्हा दाबलं. खट्! गिझर सोडवला, तसा मुनीम शांत.

"कॉइल फुटलीया. नळाला शॉक बसत न्हवता कुणाला?"

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई काही बोलली नाही. माळ्यावरचा तांब्याचा बंब तेवढा खाली काढायला लावला आणि चिंच लावून घासत बसली.

संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी तिनं गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

"सात राहिल्यात," म्हणाली. "तू घे."