‘टॉप फाइव्हमधलं एक्स्चेंज घ्या आणि निर्धास्त राहा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

क्रिप्टोत नव्याने पाऊल टाकणाऱ्याला एक मेसेज हमखास मिळतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: एक्स्चेंज (कॉइन खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार) निवडणं अगदी सोपं आहे. व्हॉल्यूममध्ये, म्हणजे उलाढालीत, पहिल्या पाचांत असलेलं घ्या. फी शून्य असेल तर उत्तमच. प्रूफ ऑफ रिझर्व्ह (कॉइन ताब्यात असल्याचा पुरावा), कोल्ड वॉलेट (इंटरनेटपासून तोडून ठेवलेली साठवण) आणि परवाना या तिन्हींपुढे टिक असली की तुमचे कॉइन बँकेतल्या पैशांइतकेच सुरक्षित.

सुटं सुटं वाचलं तर प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो इतका फिरतो. खरी गडबड शेवटच्या वाक्यात आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. ॲपमध्ये तुमच्या नावापुढे ०.०५ बिटकॉइन दिसतं, तेव्हा ब्लॉकचेनवर, म्हणजे कॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, तुमच्या नावाने काहीच नसतं. कॉइन एक्स्चेंजच्या वॉलेटात, बहुतेकदा सगळ्या ग्राहकांचे एकत्र पडलेले असतात. तुमच्याकडे असते ती त्यांच्या वहीतली एक नोंद, म्हणजे येणं. तुम्ही धनको, ते ऋणको. बँकेतली ठेवही तशीच असते, पण अनेक देशांत तिच्यामागे ठेव विमा असतो. तो क्रिप्टोला सहसा लागू नसतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने एफटीएक्स या एक्स्चेंजच्या अमेरिकी कंपनीला, एफटीएक्स यूएसला, विम्याबद्दलची दिशाभूल करणारी विधानं मागे घ्यायला लावली होती, ती यामुळेच.

आता मुद्द्यांकडे. ‘व्हॉल्यूम मोठा म्हणजे एक्स्चेंज भक्कम.’ टोकियोतल्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजवर २०१३ साली जगातले सुमारे ७० टक्के बिटकॉइन व्यवहार होत होते. २०१४ च्या फेब्रुवारीत त्याने पैसे काढणं थांबवलं आणि महिनाअखेरीस दिवाळखोरीचा अर्ज केला. साडेआठ लाख बिटकॉइन गायब होते; दोन लाख पुढे सापडले. धनकोंना बिटकॉइनमध्ये परतफेड सुरू व्हायला २०२४ उजाडलं. एफटीएक्सचं मूल्यांकन २०२२ च्या जानेवारीत ३२ अब्ज डॉलर होतं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संस्थापकाने सगळं ठीक असल्याचं जाहीरपणे सांगितलं, दुसऱ्या दिवशी विथड्रॉवल थांबली आणि ११ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयात. यावर लोक म्हणतात, ‘पण एफटीएक्सवाल्यांना शेवटी सगळे पैसे मिळाले की!’ मिळाले, पण अर्जाच्या दिवशीच्या भावाने. तेव्हा बिटकॉइन सुमारे १७ हजार डॉलरला होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत परतफेड सुरू झाली तोवर भाव पाचपटीच्या वर गेला होता. येणं म्हणजे काय, ते इथे कळतं: मधल्या काळातली वाढ धनकोची नाही.

शिवाय तो व्हॉल्यूम खरा असतोच असं नाही. बिटवाइज या कंपनीने २०१९ साली ८१ एक्स्चेंजचे व्यवहार तपासून सांगितलं की, जाहीर होणाऱ्या बिटकॉइन व्हॉल्यूमपैकी सुमारे ९५ टक्के बनावट किंवा निरर्थक आहे. चित्र तेव्हापासून बरंच बदललंय, पण डोळ्यांनी करण्याजोगी एक तपासणी अजून कामाची आहे. झालेल्या व्यवहारांची यादी पाच मिनिटं नुसती बघत बसा. खऱ्या बाजारात लोक ०.१, ०.५ असे गोल आकडे टाकतात, मध्येच गर्दी होते, मध्येच सामसूम. खोट्या बाजारात हिरवी ओळ, लाल ओळ, पुन्हा हिरवी. आकार सारखेच आणि वेग घड्याळासारखा.

‘फी शून्य म्हणजे स्वस्त’ हा मुद्दा एका बेरजेत निकालात निघतो. एकाच क्षणी खरेदीचा भाव १,००८ आणि विक्रीचा ९९२ दिसत असेल, तर घेऊन लगेच विकल्यास १६ गेले. दुसरीकडे दोन्ही भाव १,००० च्या आसपास आणि फी दर व्यवहाराला ०.१ टक्का असेल, तर येऊन-जाऊन २ गेले. ‘शून्य’वालं आठपट महाग! कॉइन बाहेर नेण्याची फी तर वेगळीच, आणि ती बहुधा ठरावीक असल्याने छोट्या रकमेला जास्त बोचते.

प्रूफ ऑफ रिझर्व्हवर मात्र थांबायला हवं, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. होतं काय, तर एका ठरावीक दिवशी एक्स्चेंज दाखवतं की अमुक पत्त्यांवर इतके कॉइन आमच्या ताब्यात आहेत. प्रत्येक ग्राहकाच्या शिलकीचा हॅश (तिच्यावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा कोड) काढून, जोड्या लावत लावत, शेवटी एक हॅश उरतो. या रचनेला मर्कल ट्री म्हणतात. तुमची शिल्लक त्या झाडात धरली आहे की नाही, हे तुम्हाला स्वतः पडताळता येतं. कल्पना उत्तम आहे आणि काहीच न दाखवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण त्या कॉइनवर कोणाचं कर्ज आहे का? ते एका दिवसापुरते उसने आणले होते का? कंपनीची बाकीची देणी किती? झाड यावर गप्प. धनकोला ऋणकोच्या तिजोरीचा फोटो दाखवला आणि कर्जाची यादी मागे ठेवली, असा हा प्रकार. मझार्स या लेखापरीक्षण कंपनीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये क्रिप्टो कंपन्यांसाठीचं हे काम थांबवलं. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या पीसीएओबी या लेखापरीक्षकांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने गुंतवणूकदारांना बजावलं की, असे अहवाल म्हणजे ऑडिट नव्हे.

‘कोल्ड वॉलेट हॅक होऊच शकत नाही.’ २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजच्या कोल्ड वॉलेटमधूनच सुमारे दीड अब्ज डॉलरचं ईथर हे चलन गेलं. कॉइन हलवायच्या गुप्त किल्ल्या चोरीला गेल्या नव्हत्या. व्यवहाराला डिजिटल सही देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनवर नेहमीचा व्यवहार दिसत होता, सही मात्र दुसऱ्याच गोष्टीवर झाली. बायबिटने विथड्रॉवल चालू ठेवली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. उलट २०१६ साली बिटफिनेक्स या एक्स्चेंजवर चोरी झाली, तेव्हा तोटा सगळ्या ग्राहकांत वाटला गेला आणि प्रत्येकाची शिलक ३६ टक्क्यांनी कापली गेली (त्याबदल्यात दिलेली टोकन कंपनीने पुढे फेडली). म्हणून कोल्ड वॉलेट आहे का, यापेक्षा चोरी झाली तर भरपाई कुठून करणार, हे विचारा.

परवान्याचा मुद्दा मी पुरता खोडणार नाही, कारण मेसेजमधला सगळ्यात कामाचा तोच आहे. फक्त तो अर्धवट सांगितलाय. पुष्कळ ठिकाणी ‘नोंदणीकृत’ याचा अर्थ मनी लाँडरिंगविरोधी नियमांखाली नाव नोंदवलं, इतकाच. पाहायचं ते हे की, ज्या कंपनीशी तुमचा करार होतो ती कोणत्या देशातली आणि तिथला कायदा ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवायला लावतो का. एफटीएक्स डॉट कॉम चालवणारी कंपनी अँटिग्वा आणि बार्बुडामध्ये नोंदलेली होती, मुख्यालय बहामाजमध्ये. तिच्या धनकोंची ताटकळ वर सांगितलीच. त्याच समूहाच्या जपानी कंपनीच्या ग्राहकांना मात्र २०२३ च्या फेब्रुवारीतच पैसे काढता आले. कॉइनचेक या जपानी एक्स्चेंजवर २०१८ साली झालेल्या चोरीनंतर कडक झालेल्या तिथल्या नियमांनी ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवायला लावली होती. ब्रँड एकच, करार वेगळा. हे नाव ‘अटी व शर्ती’मध्ये असतं, जाहिरातीत नसतं.

त्या मेसेजमध्ये एक शब्द कुठेच नाही: विथड्रॉवल. धनकोने ऋणकोला पारखायचं ते मागितल्यावर परत देतो का, यावरून. छोटी रक्कम भरा, थोडे कॉइन घ्या, ते स्वतःच्या वॉलेटात पाठवा, आणि हे मोठी रक्कम टाकायच्या आधी करा. पाठवताना दोन्हीकडचं नेटवर्क (कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जातात ती) एकच आहे ना, तेवढं बघा. (कायमचे कॉइन स्वतःकडे ठेवणार असाल, तर वॉलेट परत मिळवायचे ते १२ किंवा २४ शब्द हरवल्यावर दाद मागायला कोणीही नसतं, हेही ध्यानात असू द्या.)

मी स्वतः हे उलट्या क्रमाने केलं. एका एक्स्चेंजवर पैसे भरायला मला चार मिनिटं लागली. काढायला गेलो तर ‘वॉलेटची देखभाल सुरू आहे’. त्याच कॉइनची खरेदी-विक्री मात्र जोरात चालू होती. सपोर्टवाल्यांनी तीन वेगवेगळ्या नावांनी तीनदा ओळखपत्र हातात धरलेला सेल्फी मागितला. बाराव्या दिवशी कॉइन आले आणि त्याच संध्याकाळी मी खातं बंद केलं. व्हॉल्यूमच्या यादीत ते एक्स्चेंज तेव्हा चौथं होतं.