ग्रुपवर टाकलं होतं ना!

"मॅडम, ग्रुपवर टाकलं होतं ना!"

परवा मंगळवारी एका दिवसात हे वाक्य मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. साहेब, सेल्सवाला, अकाउंटवाला आणि शेवटी स्टोअरचा माणूससुद्धा, ज्याने तो मेसेज स्वतः वाचलाच नव्हता! पाचव्यांदा कोणी म्हटलं ना, तर माझ्या हातून काहीतरी होईल.

ग्रुपवर टाकलं म्हणजे काय? सांगितलं? कोणाला सांगितलं? रात्री पावणेबारा वाजता, ३४ जणांच्या ग्रुपवर. आधी कोणाच्या तरी पोराचा वाढदिवसाचा केक, त्याखाली सतरा शुभेच्छा, मग विठ्ठलाचा फोटो, आणि त्या गर्दीत एक ओळ : "रायपूरचा अर्धा माल अमरावतीला जाईल, पार्टीचा फोन होता." बस. कोणता अर्धा? लहान बॉक्स की मोठे? बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती, कोणाच्या नावाने? गाडी एकच की दुसरी लागेल? एक शब्द नाही. खाली आठ अंगठे. त्या आठांपैकी एकाचाही डिस्पॅचशी संबंध नाही. आणि जिच्या सहीशिवाय बुटीबोरीच्या आमच्या प्लांटच्या गेटमधून गाडी हलत नाही, त्या मला कोणी फोन केला? नाही. मी झोपले होते. पहाटे पावणेसहाला प्लांटवर पोचायचं असतं मला.

मे महिना चालू आहे. नागपुरात मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. म्हणूनच आमचं लोडिंग पहाटे होतं, ऊन चढायच्या आत. सहा हमालांनी ६४० बॉक्स चढवले, ताडपत्री बांधली, चलान, ई-वे बिल, गेटपास, सगळं नीट, आणि साडेसहाला गाडी रायपूरला रवाना. साडेदहाला साहेबांचा फोन : "अमरावतीची गाडी निघाली का?"

कोणती अमरावतीची गाडी?

तोवर गाडी साकोलीच्या पुढे गेली होती. अमरावती बरोबर उलट्या दिशेला. ड्रायव्हरला मी फोन लावून राहिले, त्याला रेंज नाही. लागला तेव्हा तो अजून पुढे. परत बोलावला. कागद पुन्हा, दुसऱ्या गाडीची शोधाशोध पुन्हा, आणि तीन वाजता, भर उन्हात, त्याच सहा माणसांनी पत्र्याच्या शेडबाहेर तेच बॉक्स उतरवले आणि अर्धे दुसऱ्या गाडीत चढवले. त्यातल्या एकाला चक्कर आली. साठीला टेकलेला माणूस आहे. सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं, डोकं ओलं केलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. उघडल्यावर मलाच म्हणतो, "ताई, तुम्ही नका घाबरू."

मी घाबरले नव्हते. मला रडू येऊन राहिलं होतं, रागाचं. एका फोनचं काम होतं. एक मिनिट! रात्री उठवलं असतं तरी चाललं असतं मला.

आणि सगळ्यात जास्त लागलं ते यानंतर. पॅकिंगचा पोरगा, एकवीस-बावीस वर्षांचा, संध्याकाळी हळूच आला. "मॅडम, मले सकाळीच वाटलं होतं, ग्रुपवर अमरावतीचं काहीतरी वाचलं म्हणून."

"मग बोलला काहून नाहीस?"

खाली मान. मागच्या महिन्यात त्याने लेबलवरची चूक दाखवली तेव्हा सगळ्यांसमोर त्याला ऐकावं लागलं होतं : "तू तुझं काम कर." त्याने तेव्हापासून आपलं काम केलं. तोंड बंद ठेवलं. मी त्याच्यावर चिडूच शकले नाही. त्याचं तोंड आम्हीच बंद केलं होतं. मी तेव्हा तिथेच उभी होते आणि त्याच्या बाजूने एक शब्द बोलले नाही, हे मला परवापासून खातंय.

आमच्या याच कंपनीने दोन वर्षांपूर्वी आम्हाला वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला दिवसभर बसवलं होतं. विषय काय, तर टीममधला संवाद. बाहेरून आलेल्या गृहस्थांनी टेनेरीफ या स्पॅनिश बेटावरच्या विमान अपघाताची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो विमानं, ५८३ माणसं मेली. एका विमानाच्या कॅप्टनला वाटलं उड्डाणाची परवानगी मिळाली, टॉवरला वाटलं तो अजून थांबलाय. त्याच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालं. इंजिनिअर गप्प बसला. मग त्यांनी एमी एडमंडसन या संशोधक बाईंचंही सांगितलं. १९९०च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या, तर चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या सापडल्या. तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही. तिथली माणसं चूक झाली की न भिता बोलत होती. मला ते इतकं पटलं की मी वहीत लिहून घेतलं. साहेब पहिल्या रांगेत मान डोलावत होते. आणि त्याच साहेबांनी त्या पोराला म्हटलं, तू तुझं काम कर!

मला तर टेनेरीफची गरजही नव्हती. माझे बाबा रेल्वेत होते. अजनीच्या क्वार्टरमध्ये वाढले मी. बाबा आधी असिस्टंट, मग ड्रायव्हर. इंजिनमध्ये सिग्नल दिसला की दोघांनीही त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा. हाताने खूण करायची, एकाने म्हटलं की दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. हिरवा दोघांनाही समोर दिसतोय, तरीही! लहानपणी मी विचारलं होतं, दिसतंय तर ओरडायचं कशाला? बाबा म्हणाले होते, मला दिसलं हे त्याला कसं कळणार? स्टेशन मास्तरांचंही तसंच. पुढच्या स्टेशनला गाडी घ्यायला लाइन मोकळी आहे, हे नुसतं "हो, सोडा" म्हणून चालत नाही. प्रायव्हेट नंबर, म्हणजे त्या गाडीपुरता एक खास आकडा, द्यायचा, समोरच्याने तो परत म्हणायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, मग गाडी. नागपूर जंक्शनला मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन लाइनी एकमेकींना कापतात. रेल्वेवाल्यांनी तिथे "ग्रुपवर टाकलं होतं" म्हणून गाड्या चालवल्या असत्या तर काय झालं असतं?

आणि आमच्याकडे? चार मिनिटांचा व्हॉइस नोट, त्यातलं कामाचं वाक्य शेवटच्या दहा सेकंदांत. "अर्जंट कॉल मी" लिहून स्वतः फोन न उचलणारे. मेलवर "नोटेड", म्हणजे वाचलं, समजलं की करणार, काय ते देव जाणे. "बघून घ्या." काय बघून घ्या? "त्याच्याशी बोलून घ्या." त्याला म्हणतात "तिच्याशी बोलून घे", आणि आम्ही दोघं बोलतो तेव्हा कळतं, दोघांनाही काही माहीत नाही. मीटिंगमध्ये दीड तास एक ठरतं आणि बाहेर टपरीवर तर्री-पोहे खाता खाता दुसरंच ठरतं. टपरीवर बाया नसतात. मग आम्हाला कधी कळायचं? गाडी साकोलीला पोचल्यावर?

संध्याकाळी मीटिंग लागली. प्रश्न काय, तर भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं. चक्कर आलेल्या माणसाबद्दल कोणी विचारलं नाही. मीच विषय काढला, तर साहेब म्हणाले, "मॅडम, ग्रुप बघत जा."

नाही बघणार.

काल सकाळी डिस्पॅचच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. माल, गाव, पार्टी, गाडी यात काहीही बदललं, तर बदलणाऱ्याने मला फोन करायचा. मी ते त्याला परत म्हणून दाखवणार, वेळ टाकून रजिस्टरमध्ये लिहिणार, मगच गाडी. आणि लोडिंगवरच्या कोणालाही शंका आली तर गाडी थांबवायचा हक्क त्याला आहे, पॅकिंगच्या पोरालाही. त्याला मी फळ्यासमोर उभं करून हे सगळ्यांच्या देखत सांगितलं.

साहेबांनी फळा वाचला. "एवढं कशाला? ग्रुप आहे ना."

गेटपासवर सही माझी लागते, एवढंच मी म्हटलं.