सिरॅमिक ड्रिपर उष्णता धरून ठेवतो? हो, तुमच्याच पाण्याची

पोअर-ओव्हर, म्हणजे ड्रिपर नावाच्या शंकूसारख्या भांड्यात कागदी फिल्टर लावून, कॉफीवर हाताने गरम पाणी ओतायची पद्धत सुरू करणाऱ्या प्रत्येकाला एक मेसेज कुठून ना कुठून येतोच: "ड्रिपर घ्यायचा तर सिरॅमिकचाच घे, तो उष्णता धरून ठेवतो, प्लास्टिक म्हणजे केमिकल, सिरॅमिकमध्ये चव क्लीन येते आणि आयुष्यभर टिकतो." मी पण हेच वाचून घेतला आणि पहिले दोन महिने आंबट पाणी पीत बसलो, कधी बीन्सना शिव्या, कधी ग्राइंडरला, ड्रिपरवर मात्र संशयच आला नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, उष्णता धरून ठेवतो. आता जाड भांडं एकदा तापलं की हळू गार होतं हे खरंच आहे, पण एकदा तापलं की! ते तापायला लागणारी उष्णता येणार कुठून, तर तुम्ही ओतताय त्याच पाण्यातून. ढोबळ हिशोब करा. ड्रिपर समजा ४०० ग्रॅमचा. सिरॅमिकला एक ग्रॅममागे एक अंश चढायला साधारण ०.८५ ज्यूल लागतात, म्हणजे २५ अंशांवरून ८५ ला न्यायचं तर २० हजार ज्यूल झाले. आणि ३०० ग्रॅम पाणी एक अंश उतरलं की सुटतात जेमतेम १२५० ज्यूल. म्हणजे कागदावर तब्बल १६ अंशांचा फटका. प्रत्यक्षात एवढा बसत नाही, कारण हँडल आणि खालची बशी तेवढ्या वेळात तापतच नाहीत, पण निम्मा धरला तरी ८ अंश गेले की हो! स्पेशालिटी कॉफी असोसिएशन ब्रूइंगसाठी ९० ते ९६ अंश सांगते, तुम्ही केटलवर ९४ बघून खुश आणि आत कॉफी भिजतेय ८६ मध्ये, मग चव पुरती उतरत नाही आणि कप आंबट लागतो. त्यात सगळ्यात गार भिंत वाट्याला येते ती ब्लूमच्या, म्हणजे कॉफी नुसती भिजवायला सुरुवातीला ओततात त्या ४०-५० ग्रॅम पाण्याच्या.

प्लास्टिकचा ड्रिपर हलका असतो आणि उष्णता वाहून नेण्यात सिरॅमिकपेक्षा कितीतरी मंद, म्हणून तो पाण्याकडून कमी खेचतो. आणि मुळात ब्रू होतो तीन मिनिटांत, तासभर गरम ठेवायला तो काही थर्मास नाही, शिवाय बरीचशी उष्णता वरच्या उघड्या तोंडातून वाफेबरोबर जाते, तिथे भिंत कशाची आहे याने काय फरक पडतो.

यावर लगेच उत्तर येतं की आम्ही प्रीहीट करतो. करताच, पण कसं? फिल्टर पेपर ओला करायला जे अर्धा कप पाणी ओततो ते पाच-दहा सेकंदांत खाली जातं, तेवढ्यात जाड भिंत आतपर्यंत तापत नाही. मिनिट-दोन मिनिटं ड्रिपर गरम पाण्यात बुडवून ठेवा, बाहेरून हात लावल्यावर चटका बसला पाहिजे. एवढं रोज सकाळी करणार असाल तर सिरॅमिक मस्त चालतो, माझी तक्रार नाही.

दुसरा, प्लास्टिक म्हणजे केमिकल. ज्या बीपीए नावाच्या रसायनाची भीती घालतात ते पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमध्ये वापरतात, पॉलिप्रॉपिलीनमध्ये नाही, तेव्हा ड्रिपर कुठल्या प्लास्टिकचा आहे ते आधी वाचा. तरीही गरम पाण्याला प्लास्टिक नकोच वाटत असेल तर ते कारण मला पूर्ण मान्य आहे, फक्त मग काच आणि स्टीलही आहे. आणि केमिकलच बघायचं तर सिरॅमिकच्या ग्लेझमध्येही, म्हणजे वरच्या चकचकीत थरात, शिसं असू शकतं, आणि कॉफी पडली आम्लधर्मी. कोणी बनवलाय, ग्लेझ फूड-सेफ आहे का, याचा पत्ता नसलेला रंगीबेरंगी ड्रिपर नुसता सुंदर दिसतो म्हणून उचलू नका.

क्लीन चव? ती कागदामुळे येते भाऊ. तेल आणि बारीक चुरा कागद अडवतो. ग्लेझ म्हणजे काचेचाच थर, तो चवीत काही घालत नाही आणि काढतही नाही. एक मात्र कबूल, प्लास्टिकला चरे पडले की त्यात कॉफीचं तेल बसतं, ग्लेझवरून ते चटकन धुतलं जातं.

आयुष्यभर टिकण्याबद्दल एवढंच, माझ्या पहिल्या ड्रिपरचं आयुष्य सिंकच्या नळापर्यंत होतं.

या सगळ्या मटेरियलच्या भांडणात खरी गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे आकार. १९०८ मध्ये मेलिटा बेंट्झ यांनी पितळेच्या भांड्याला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला, तेव्हापासून कॉफी कशी उतरणार हे ठरतंय भोकांवर आणि उतारावर. व्ही-६० नावाच्या ड्रिपरमध्ये ६० अंशांचा कोन आणि खाली एकच मोठं भोक, त्यामुळे वेग तुमच्या ग्राइंडवर आणि ओतण्यावर, हात चुकला की कप चुकला. कलिता वेव्ह या दुसऱ्या ड्रिपरचा तळ सपाट, तीन छोटी भोकं, नवशिक्याला बराच सांभाळून घेतो. आधी यातलं काय हवं ते ठरवा, मटेरियल नंतर.

सिरॅमिकच घ्यायचा ठरला तर आतल्या उठावदार रेघांवरून बोट फिरवा. त्या रेघा कागदाला भिंतीपासून लांब ठेवतात आणि हवेला वाट देतात, ग्लेझ जाड बसून त्या बुजल्या असतील तर कागद चिकटतो आणि पाणी तुंबतं. एकट्यापुरती करत असाल तर लहान साइज घ्या, मोठा म्हणजे तापवायला जास्त वजन. आणि बशी तुमच्या मगवर नीट बसते का तेही बघा, हे सगळे विसरतात.

बाकी "आमची तर गार सिरॅमिकमध्येच भारी होते" म्हणणाऱ्यांपैकी बरेच डार्क रोस्टवाले, म्हणजे जास्त भाजलेल्या बीन्सवाले असणार. डार्क रोस्टमधून सगळं पटकन सुटतं, पाणी थोडं गार असलं की कडवटपणा कमी उतरतो. म्हणजे त्यांची कॉफी छान होतेय ती ड्रिपर उष्णता खातो म्हणून, आणि मेसेज फिरवतायत की धरून ठेवतो म्हणून.