यात तू कुठे आहेस?

आमच्या फोटोग्राफी कोर्सच्या पोर्टफोलिओला बारा फोटो लागतात. माझा पहिला रिव्ह्यू चार मिनिटांत उरकला. सरांनी माझे सगळे सूर्यास्त एकेक करून बाजूला सरकवले, चष्मा काढला आणि म्हणाले, "फोटो बरे आहेत. पण यात तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, "कॅमेऱ्याच्या मागे, सर."

हे उत्तर नव्हतं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

म्हणून दुसऱ्या शूटचा मी रीतसर बेत आखला. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. हाताने ठोकून भांडी घडवणारे कारागीर, घाम, परंपरा; शिवाय घरून चालत जाता येतं. शॉटलिस्टची पहिली ओळ : 'सकाळी ७, सोनेरी प्रकाश'. मदतनीस म्हणून बाबा, त्यांच्या हातात रिफ्लेक्टर. म्हणजे २०१८ च्या बंदीआधीच्या गणपतीतला, माळ्यावर उरलेला थर्माकोल.

सात वाजता सोनेरी प्रकाश होता, नाही असं नाही. तो तिसऱ्या मजल्यावर होता. खाली अंधार आणि बंद दारं. बाबांचे दोन चहा झाले. "यादीत चहा लिहायचा राहिला वाटतं," ते म्हणाले.

मग एक काका आले, मांडी घालून बसले आणि ठोकायला लागले. शटर १/६० सेकंदावर ठेवलं तर हातोडी धुरासारखी उमटली. १/५०० वर नेलं तर उजेड कमी पडला, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, ३२०० करावा लागला आणि फोटोत काकांच्या गालावर रवा पसरला. एव्हाना काकांना परिस्थितीचा अंदाज आला होता. त्यांनी हातोडी वर उचलली, श्वास रोखला आणि म्हणाले, "घे."

"काका, तुम्ही नेहमीसारखं काम करा ना."

"नेहमीसारखं केलं की तुझा फोटो हलतो म्हणालीस."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी भांड्यांकडे वळले. घंगाळ, हंडे, तांबे, सगळे जागच्या जागी आणि चकचकीत. चकाकी मारायला मी पोलरायझर फिल्टर भाड्याने आणला होता. तो काचेवरची, पाण्यावरची चकाकी कापतो. धातूपुढे त्याचं काही चालत नाही. हे वर्गात शिकवलं तेव्हा मी मामेबहिणीच्या लग्नात होते.

रात्री ४१२ फोटोंतून बारा निवडले. छोट्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते. (छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.)

रिव्ह्यूला सरांनी घंगाळाचा फोटो भिंतीवर मोठा केला. घंगाळाच्या पोटात मी उकिडवी बसले होते, नाक भोपळ्याएवढं, एक डोळा मिटलेला. मागे बाबा, एका हातात थर्माकोल, दुसऱ्या हातात चहाचा कप. पुढचा फोटो मठारलेल्या हंड्याचा. मठारकामात हातोडीचा प्रत्येक ठोका एक छोटा आरसा सोडून जातो, त्यामुळे तिथे मी चाळीसेक होते. आणि तेवढेच बाबा. मागच्या बाकावर कोणीतरी मोजायलाही लागलं.

सरांनी बाराही फोटो सावकाश पाहिले. चष्मा काढला.

"मागच्या वेळी विचारलं होतं, ते मी परत घेतो," ते म्हणाले.

येत्या रविवारी कुंभारवाडा. मडकी कच्ची, न भाजलेली, मातकट. खात्री करून आले आहे. शॉटलिस्टची पहिली ओळ बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आहे : 'चहा'.