गालिचा की पायघड्या

कोपऱ्यावर साड्यांचं नवं दुकान उघडलं, त्या दिवशी आमच्या कट्ट्यासमोर सकाळपासून लाल कार्पेट पसरलेलं होतं. दुकानाच्या दारापासून थेट गटाराच्या झाकणापर्यंत. उद्घाटनाला मालिकेतली एक नटी येणार होती. ती चारऐवजी सहाला आली, फीत कापली, चार फोटो काढू दिले आणि गेली. कार्पेट सुन्याचं. सुन्या म्हणजे आमचा मंडपवाला. आठ वाजता ते गुंडाळून न्यायचं होतं, पण बरोब्बर मधोमध कट्ट्यावरचा कुत्रा खंड्या झोपला होता. खंड्याला उठवायची चिंचवडात कुणाची टाप नाही. म्हणून सुन्या आमच्यात येऊन टेकला.

मी मात्र काम घेऊन आलो होतो. एका परदेशी गावाच्या पर्यटन पुस्तिकेचं मराठी भाषांतर रात्री अकरापर्यंत द्यायचं होतं. सगळं उरकलं होतं, एका वाक्यावर गाडी अडली होती. आमच्या गावी येणाऱ्या प्रत्येकासाठी आम्ही रेड कार्पेट अंथरतो, असं काहीसं ते वाक्य.

"त्यात अडण्यासारखं काय आहे?" दिगूकाका म्हणाले. "लाल गालिचा लिहा नि मोकळे व्हा. पेपरात रोज असतं."

"गालिचा नाय तो, काका," सुन्या समोर बोट दाखवत म्हणाला. "हे फेल्ट आहे. रोल येतो याचा. पाहिजे तेवढा कापायचा, कडेनं टेप मारायची. गालिचा म्हणजे लोकरीचा, नक्षीवाला. तो मी नवरा-नवरीच्या खुर्च्यांखाली टाकतो आणि रात्री मोजून परत नेतो. ह्याला कोण गालिचा म्हणेल?"

मृणाल कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, "अरे, वाक्प्रचारात वस्तू कुठली हे कोण बघतं? मान दिला, आदरानं आत घेतलं, एवढाच अर्थ. आणि आपल्याकडे त्याला शब्द आहे. पायघड्या घालणे. संपला विषय."

विषय तिथेच सुरू झाला.

दिगूकाका कलेक्टर कचेरीतून निवृत्त. चौतीस वर्षं फायलींत काढलेली, त्यामुळे शब्दाचा वास त्यांना लांबून येतो. "पायघड्या लिहू नका," ते म्हणाले. "पायघड्या घातल्या म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी कुणाची तरी हांजी हांजी केली. बिल्डरांसाठी पायघड्या, पक्ष सोडून आलेल्यांसाठी पायघड्या. कौतुकानं लिहिलेल्या पायघड्या शेवटच्या कधी वाचल्यात?"

हे खरं होतं. मृणालही क्षणभर गप्प झाली. मी मनात बातम्यांचे मथळे चाळून पाहिले, तर दहातले नऊ टोमणेच निघाले. उलट लाल गालिच्याला अजून तो डाग लागलेला नाही. परका शब्द आहे, त्याची अजून आपल्याशी भांडणं झालेली नाहीत.

"पण मग लाल गालिच्याची जन्मकथा ऐका आधी," मृणाल म्हणाली. अडली की ती ग्रीकांकडे जाते. "इसवी सनापूर्वी 458 साली अथेन्समध्ये एस्किलसचं 'अ‍ॅगमेम्नॉन' नाटक झालं. ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं लढून राजा घरी येतो. राणी क्लायटेम्नेस्ट्रा दारात उभी. दासींना सांगते, रथापासून दारापर्यंत किरमिजी वस्त्रं पसरा. राजा बिचकतो. म्हणतो, हा मान देवांचा, मी माणूस आहे. ती गोड बोलून त्याला तयार करते. शेवटी तो पायातलं काढायला लावतो आणि अनवाणी त्यावरून आत जातो."

"मग?" सुन्यानं विचारलं.

"मग ती त्याला मारते. आंघोळीच्या वेळी."

"आयला."

"कारण होतं ना तिच्याकडे. युद्धाला निघताना वारा अनुकूल व्हावा म्हणून त्यानं स्वतःच्या मुलीचा बळी दिलेला असतो. दहा वर्षं ती वाट बघत असते."

"हे तुमचं प्रेमळ स्वागत?" दिगूकाकांनी हात झटकले. "बघा, लेखकराव, पुस्तिकेत घालायचं का बघा."

मला त्या गोष्टीत दुसरंच काही लागलं. राणीनं पसरलेला गालिचा नव्हताच. घरात विणलेली भारी वस्त्रं होती ती, अंगावर घ्यायची किंवा भिंतीला लावायची, पायाखाली घालायची नव्हेत. रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून काढलेला. एवढ्याशा रंगाला हजारो गोगलगायी लागत, म्हणून तो सोन्याच्या तोडीचा. राणी म्हणतेच, समुद्र आहे, तो कोण आटवणार? राजा बिचकतो तो लाल रंगाला नाही, नासाडीला. आपल्या घरचं महागामोलाचं कापड आपणच तुडवायचं, हे त्याला बघवत नाही. म्हणजे इंग्रजी वाक्प्रचाराचं मूळ म्हणून जे दाखवतात, ते कार्पेटपेक्षा आपल्या पायघड्यांनाच जास्त जवळचं आहे. मी तसं म्हणालो. मृणालनं विजयी मुद्रेनं चहा मागवला.

"पण ते प्रत्येकासाठीचं काय?" मी म्हटलं. माझी खरी अडचण तिथे होती. राजासाठी अंथरलं तर समजतं. प्रत्येकासाठी अंथरलं तर तो मान कसला? मग ती नुसती फरशी.

त्याचं उत्तर मी दुपारभर शोधलं होतं, ते आता ऐकवायची संधी मिळाली. अमेरिकेत न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेनं 1902 मध्ये न्यूयॉर्क ते शिकागो अशी एक गाडी सुरू केली, ट्वेंटिएथ सेंचुरी लिमिटेड. वीस तासांत पोचवायची, पुढे 1938 पर्यंत सोळावर आली. खास गाडी, जादा भाडं. तिच्या प्रवाशांसाठी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात फलाटावर किरमिजी कार्पेट अंथरायचे. रेड कार्पेट ट्रीटमेंट हा शब्दप्रयोग त्या फलाटावरून रूढ झाला असं सांगतात. मला पटतं ते. कारण तिथे कार्पेटवरून चालायला राजा असावं लागत नव्हतं, तिकीट पुरायचं. देवांचा म्हणून ज्या मानाला अ‍ॅगमेम्नॉन बिचकला, तो खिडकीवर पैसे मोजून मिळायला लागला. गाडी 1967 च्या डिसेंबरात बंद पडली. वाक्प्रचार मात्र टॅक्सीवाल्यापासून बँकेच्या जाहिरातीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला.

"आणि पिक्चरवाले?" सुन्याचा प्रश्न धंद्यातला होता.

त्यांचंही होतं माझ्याकडे. 1922 मध्ये हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरबाहेर 'रॉबिन हूड'च्या पहिल्या खेळाला सिड ग्रॉमननं कार्पेट घातलं. ऑस्करला ते 1961 पासून आलं. 2023 साली त्यांनी एकदम शँपेन रंगाचं घातलं तर केवढी चर्चा झाली.

"शँपेन म्हणजे क्रीम ना? डाग किती पडतील त्यावर," सुन्या म्हणाला. ऑस्करवर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचली नाही.

दिगूकाकांना आता त्यांचा विषय मिळाला होता. "सरकारात लाल दोनच. एक फीत आणि एक गालिचा. विलायतेत सरकारी कागदांचे गठ्ठे खरोखरच्या लाल फितीनं बांधायचे, त्यावरून लालफीत. आमच्या कचेरीत फीत कधी लाल असायची, कधी पांढरी. नाव एकच. 2014 मध्ये पंतप्रधान टोकियोत जपानी उद्योजकांना म्हणाले, आता रेड टेप नाही, रेड कार्पेट. ऐकायला झकास. पण मी बाकावर बसून बघितलंय, साहेबाच्या खोलीत कार्पेट असतं आणि त्याच कार्पेटवर उभं करून झाडतातही."

"इंग्रजीत तेही आहे!" मृणाल उसळली. "कार्पेटवर बोलावणे म्हणजे खरडपट्टी काढणे. आपलं फैलावर घेणं. पूर्वी कार्पेट म्हणायचे टेबलावरच्या जाड कापडाला. कार्पेटवर आलेला विषय म्हणजे टेबलावर चर्चेला आलेला विषय. मग माणसंच तिथे यायला लागली."

हे चालू असताना संभा दुकान बंद करून आला. संभाची कट्ट्यामागेच लाँड्री आहे, मूळचा बारामतीजवळच्या काटेवाडीचा. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवून तो बराच वेळ नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "पायघड्या हांजी हांजीसाठी असत्यात, हे कुणी सांगितलं तुम्हाला, काका?"

"पेपरात—"

"पेपर ऱ्हाऊ द्या. तुकोबांची पालखी बारामतीच्या मुक्कामावरनं निघाली की त्याच दिवशी आमच्या गावात येती. तवा आमचा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. पांढरी धोतरं. पालखी त्यावरनं जाती. मग मेंढ्यांचं रिंगण. टीव्हीवर रिंगण सगळे दाखवत्यात, मेंढ्या दिसायला भारी असत्यात. पण आधी धोतरं. आमच्या घरात आजा घालायचा, मग वडील, गेल्या साली मी रजा टाकून गेलो होतो."

कुणी काही बोललं नाही. संभाच पुढे म्हणाला, "गावात लग्नातबी आमचंच काम असायचं हे. बलुत्यातलं. वरात चालली की परटानं पायघडी टाकायची. कापड लांब नसायचंच एवढं. एक टाकलं, त्यावरनं नवरा गेला की मागचं उचलायचं, पळत पुढं जायचं, परत टाकायचं. वाकून. अख्ख्या वरातीभर. आजा सांगायचा, नवरा वर बघत चालायचा, आम्ही त्याचे पाय बघायचो."

"म्हणजे काका म्हणतात तेच ना," सुन्या हळूच म्हणाला. "वाकायचं."

"वाकायचं, व्हय. लग्नातलं बंद पडलं ते बरं झालं. कुणी सांगितलं तरी मी जाणार न्हाई. पण पालखीला जातो. तिथं मला कुणी बोलवत न्हाई, मान आमचा हाय. दुसऱ्या कुणी धोतर टाकलं तर भांडण होईल." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या पुस्तिकेत कापड कोण टाकतंय, ते लिवलंय का?"

लिहिलं नव्हतं. गाव अंथरतं, एवढंच होतं. इंग्रजी वाक्यात कार्पेट उलगडत जातं, जणू स्वतःच्या पायानं. अंथरणारा माणूस त्यात कुठे दिसत नाही. आणि ते एकदाच उलगडायचं असतं, मागचं उचलून पुढे पळायचं नसतं. पायघडीतली घडी संभा बोलेपर्यंत माझ्या लक्षातच आली नव्हती. मी आयुष्यभर तो शब्द सरळ पसरलेला समजत होतो.

मृणालनं तोडगा सुचवला. "मग दुसरा इंग्रजी वाक्प्रचार घे. ओपन आर्म्स. त्यात कुणी वाकत नाही."

"हात पसरून स्वागत?" मी म्हटलं आणि दिगूकाका खो खो हसले. मराठीत हात पसरले की भीकच मागितली जाते. खुल्या बाहूंनी, असं काही जण लिहितात. ते वाचताना मला नेहमी आखाड्यातला पैलवान दिसतो.

"आमच्या आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, आलेल्याला गूळ-पाणी दिलं का?" दिगूकाका म्हणाले. "उन्हातून माणूस आला की तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. ओळख मग. आधी घसा."

"पाय धुवायला पाणी," संभानं भर घातली.

"आणि ओवाळून भाकरतुकडा टाकायचा," मृणाल म्हणाली. "लांबून आलेल्यावर."

सुन्याला हे मान्य नव्हतं. "गूळ-पाणी घरी ठीक आहे. पण त्या गावाला हॉटेलं भरायचीत. गिऱ्हाईकाला वाटलं पाहिजे आपण कोणीतरी आहोत. मी वीस वर्षं हेच विकतोय. वधूपिता माझ्याकडे येतो, जेवणात काटछाट करतो, पण कार्पेट नको असं म्हणणारा अजून भेटलेला नाही. त्या लाल पट्ट्यावर पाय पडला की माणसाची चाल बदलते. बघा तुम्ही उद्या. नटीचं सोडा, दुपारी गॅस सिलिंडरवाला पण त्यावरनं सावकाश गेला."

हे मात्र मीही पाहिलं होतं. सिलिंडरवाला सावकाश गेला होता, आणि दुकानाच्या वॉचमननं त्याला दुसऱ्या पावलाला हटकलं होतं. सुन्यानं पहिलंच पाऊल सांगितलं, पण तो विकणारा आहे, त्याला माफ. ऊबदार स्वागत आणि लाल कार्पेट यांत मला नेहमीच काहीतरी खटकत आलंय, ते त्या वॉचमनमुळे कळलं. कार्पेट घातलं की त्याला कड येते, आणि कड आली की कुणीतरी कडेला उभा राहतो, दोरीमागे. गुळाच्या खड्याला कड नसते. मी हे बोललो तेव्हा मृणाल म्हणाली की मी नेहमीप्रमाणे एका भाषांतराच्या वाक्यावर संसार थाटतोय.

"त्या कार्पेटचं नंतर काय करतोस रे?" संभानं एकदम सुन्याला विचारलं. धंद्याची चौकशी होती. "धुतोस कुठं?"

"धुवायचं कुठलं! एक-दोन कार्यक्रम चालतं. मग माती बसते, फाटतं. टाकून देतो. टेम्पोवाले नेतात, ताडपत्रीखाली घालायला."

"आमची धोतरं धुवून घडी करून ठेवत्यात," संभा म्हणाला. अभिमानानं म्हणाला की नुसतीच माहिती दिली, मला कळलं नाही.

तेवढ्यात खंड्या उठला, अंग झटकलं आणि कार्पेटच्या कडेकडेनं चालत निघून गेला. सुन्या लगेच धावला. टेप ओढल्याचा चर्र आवाज आला. संभा उठून दुसरं टोक धरायला गेला, कारण एकट्यानं गुंडाळलं तर रोल वाकडा होतो.

घरी येऊन मी वाक्य लिहिलं : इथे आलेल्या कोणालाही गाव आधी पाणी विचारतं, मग नाव. पाठवून दिलं. दहा मिनिटांत एजन्सीचा निरोप आला. भाषांतर छान आहे, पण मूळ वाक्यातलं कार्पेट कुठे गेलं? ग्राहकाच्या फोटोत ते दिसतंय.

अकराला पाच मिनिटं होती. मी लाल गालिचा टाकला आणि पाठवलं.