आमची कोठेही शाखा नाही

कांदा-लसूण मसाल्याचा धंदा जोरात आहे, तालुक्यात नाव झालंय आणि आता पुतण्या ‘काका, ट्रेडमार्क घ्या’ म्हणून मागे लागलाय. अजिबात ऐकू नका. शॉप ॲक्ट आहे, उद्यम आहे, जीएसटी आहे, फूड लायसन्स आहे. एवढे कागद लॅमिनेट करून गल्ल्यामागे टांगल्यावर नाव आपलंच झालं की! यातला एकही कागद नावाची मालकी देत नाही, असं पुतण्या म्हणतो. त्याला पुण्यात शिकायला पाठवलं तिथेच चुकलं.

शिवाय खर्च बघा. लहान धंद्याला एका वर्गातल्या, म्हणजे एका प्रकारच्या मालाच्या, ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये! नोंदणी टिकणार जेमतेम १० वर्षं, मग पुन्हा नूतनीकरण. उद्घाटनाच्या फ्लेक्सला आणि डीजेला याच्या कितीतरी पट गेले, पण ती गुंतवणूक होती.

घरच्यांच्या आग्रहाखातर अर्ज करायचीच वेळ आली, तर नाव मिळणार नाही असंच निवडा. ‘कोल्हापुरी झणझणीत मसाला’ झकास. गावाचं नाव आणि मालाचं नुसतं वर्णन कायदा सहसा एकट्याच्या नावावर करत नाही, त्यामुळे ट्रेडमार्क कार्यालयाचा आक्षेप घरबसल्या येईल. नाहीतर देवाधर्माकडे वळा. ‘रामायण’ नावाच्या अगरबत्तीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१५ साली कोर्टाने सांगितलं, की धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याला हक्क सांगता येत नाही. आपण त्याच वाटेनं जायचं.

अर्जात वर्ग विचारतात. एकूण ४५ आहेत. मसाला ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, मिसळीचं हॉटेल ४३ मध्ये. कशाला डोकं लावता? ‘मध्यम’ लिहा.

ईमेल मात्र झेरॉक्सवाल्याचा द्या. आक्षेपाचा रिपोर्ट तिथे येतो आणि उत्तराला एक महिना असतो. महिनाभर तो मेल लग्नपत्रिकांच्या डिझाइनखाली सुखानं पडून राहील आणि अर्ज आपोआप निकालात निघेल. तुम्ही तोवर पाकिटांवर गोलातला आर छापून मोकळे व्हा. नोंदणीआधी तो छापणं बेकायदा आहे, अर्जदारानं फार तर ‘टीएम’ लिहावं. पण टीएमला तो रुबाब नाही.

मग एके दिवशी एसटी स्टँडसमोर दुसरं दुकान निघेल. तोच पिवळा बोर्ड, तीच लाल अक्षरं, बोर्डावर तीच नऊवारीतली काकू. नथ फक्त उजव्या नाकपुडीत, कारण पेंटरनं फोटो उलटा केलाय. पेंटर तुमचाच आहे, त्याला रागावू नका.

आता लढाईला उतरा. तुम्ही ‘मूळ’ लिहा, तो ‘खरे मूळ’ लिहील. तुम्ही ‘एकमेव खरे मूळ’ लिहा, तो ‘सन १९८२ पासून’ लिहील. त्याचा जन्म नव्वदचा आहे, पण बोर्डाला कोण जन्मदाखला मागतो? शेवटी ठेवणीतलं अस्त्र काढा: ‘आमची कोठेही शाखा नाही’. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य समोर लागेल, आणि दोघेही खरंच बोलत असाल.

पुढे त्याच्या वकिलाची नोटीस येईल, कारण त्यानं ४,५०० रुपये भरलेत. घाबरू नका. कायद्यात तुमचीही सोय आहे: नोंदणी नसली तरी जो त्याच्या आधीपासून नाव सतत वापरतोय, त्याचा हक्क कोर्ट मानतं. तुमचे वकील खूश होऊन म्हणतील, “वीस वर्षांची बिलं घेऊन या.”

आणि तुम्हाला आठवेल, वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण काय सांगत आलो ते. “पक्कं बिल कशाला? उगाच टॅक्स पडेल.”